घड्याळाचे वय पाठीवर शोधा

भिंतीवरच्या जुन्या लंबकाच्या घड्याळाविषयी विचारले, की घरमालक असो वा जुन्या बाजारातला विक्रेता, उत्तर बहुधा ठरलेले असते: जर्मन आहे, दीडशे वर्षांपूर्वीचे. यातला पहिला भाग बऱ्याचदा खरा निघतो. दुसरा तपासायला घेतला, की वय वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी खाली येते. कोणी मुद्दाम खोटे बोलत असते असे नाही. घड्याळावरची जी गोष्ट सर्वात जुनी वाटते तिच्यावरून वय सांगायची सवय पडली आहे, एवढेच. तबकडीवर कारखान्याचे नाव दिसले, की तो कारखाना कधी निघाला ते शोधायचे आणि तेच साल घड्याळाला चिकटवायचे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. घड्याळाचा काळ त्याच्यावरच्या सर्वात उशिराच्या अस्सल खुणेवरून ठरवायला हवा. कारखाना १८६१ सालचा असला आणि मशीनवर १८९१ नंतरच वापरात आलेली अक्षरे असली, तर ते घड्याळ १८९१ च्या आधीचे असूच शकत नाही. मग त्याची पेटी, काटे, तबकडी कितीही पुरातन दिसोत. हे ऐकायला साधे वाटते. पण एकदा ते मनापासून मान्य केले, की घड्याळाकडे बघण्याची सगळी रीतच बदलते.

आधी ही घड्याळे आली कुठून ते पाहू, कारण वयाबद्दलचा पहिला पुरावा तिथेच मिळतो. नैर्ऋत्य जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागात अठराव्या शतकापासून लोक घरोघरी लाकडी चाकांची घड्याळे बनवत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतल्या कनेक्टिकटची, पितळी पत्र्यातून यंत्राने कापलेल्या चाकांची स्वस्त घड्याळे युरोपात येऊ लागली आणि या घरगुती धंद्याचे कंबरडे मोडायची वेळ आली. १८५० मध्ये फुर्टवांगेन गावात घड्याळकामाची शाळा निघाली ती याच संकटावर उपाय म्हणून; आजचे जर्मन घड्याळ संग्रहालय त्या शाळेच्या संग्रहातूनच वाढले. १८५१ मध्ये लेन्त्सकिर्श इथे कारखाना उभा राहिला आणि उत्तम कामासाठी नावाजला गेला. १८६१ मध्ये श्राम्बेर्ग गावी एर्हार्ड युंगहान्स याने आपल्या मेहुण्याबरोबर कारखाना काढला आणि अमेरिकेला तोंड द्यायचे तर अमेरिकेचीच पद्धत उचलली पाहिजे हे ओळखले. सुटे भाग यंत्रावर, एकसारखे, हजारोंच्या संख्येने काढायचे आणि मग जुळवायचे. १९०३ च्या सुमारास युंगहान्स हा जगातला सर्वात मोठा घड्याळ कारखाना झाला होता. तीन हजारांवर कामगार होते आणि गजराची, टेबलावरची, भिंतीवरची मिळून वर्षाला तीस लाखांच्या आसपास घड्याळे बाहेर पडत होती.

या वाढीचा वेग नीट पाहायचा असेल तर गुस्टाव बेकर या दुसऱ्या मोठ्या नावाकडे जावे लागते. बेकरची घड्याळे महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत, दुकानांत अजूनही सापडतात, आणि त्यांच्याबद्दलचा एक गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. त्याच्या घड्याळांवर फ्रायबुर्ग हे गाव असते. ते वाचून पुष्कळजण ब्लॅक फॉरेस्टजवळचे प्रसिद्ध फ्रायबुर्ग शहर समजतात. बेकरचे फ्रायबुर्ग तिथून फार लांब, पूर्वेला सायलेशियात होते. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव श्वियेबोजित्से आहे. बेकरने तिथे १८५० च्या आसपास काम सुरू केले. त्याच्या मशीनवर बहुधा अनुक्रमांक ठोकलेला असतो आणि त्या क्रमांकांचा साधारण हिशेब संग्राहकांनी मांडून ठेवला आहे. पहिला एक लाख गाठायला १८७५ साल उजाडले. पाच लाखांचा टप्पा १८८५ मध्ये आला, ज्या वर्षी बेकर वारला. दहा लाखांचा टप्पा १८९२ मध्ये. म्हणजे पहिल्या लाखाला पंचवीस वर्षे, पुढच्या चार लाखांना दहा, आणि त्यापुढच्या पाच लाखांना फक्त सात. मग डोळे मिटून बेकरचे एखादे घड्याळ उचलले तर ते कोणत्या काळातले निघेल? दीडशे वर्षांपूर्वीची, म्हणजे १८७५ च्या आतली, जेमतेम लाखभर आहेत. त्यानंतरच्या सतरा वर्षांत त्यांच्या नऊपट निघाली आणि कारखाना पुढे आणखी तीन दशकांहून अधिक चालला. आपल्या हातात आलेले घड्याळ उशिराचे असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. ‘दीडशे वर्षे’ हा दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो; ‘सव्वाशे वर्षे किंवा त्याहून कमी’ हे पुरावा नसतानाही अधिक संभवनीय असते.

आता प्रत्यक्ष घड्याळाकडे. तबकडीवरचे नाव हा सर्वात ठळक पुरावा आणि सर्वात दुबळाही. मुंबई-कलकत्त्याच्या दुकानदारांनी आपली नावे तबकडीवर छापून घेतलेली असतात. तबकड्या बदललेल्या असतात, अलीकडे तर नव्याने छापूनही मिळतात. नावापेक्षा चिन्ह बरे, कारण चिन्ह कधी वापरात आले याची नोंद असते. बेकरचे चिन्ह म्हणजे मुकुट, नांगर आणि जी, बी ही दोन अक्षरे. युंगहान्सचे चिन्ह म्हणजे आठ टोकांचा तारा आणि त्यात जे हे अक्षर. हा आठ टोकांचा तारा १८९० पासूनचा, त्यामुळे तो मशीनवर दिसला की १८६१ या सर्रास सांगितल्या जाणाऱ्या सालाचा प्रश्नच मिटतो. श्वेनिंगेनच्या माउथे कारखान्याचा गरुड, हांबुर्ग-अमेरिकन कारखान्याचे एकमेकांवर ठेवलेले दोन बाण ही आणखी दोन चिन्हे आपल्याकडे नेहमी दिसतात. पण चिन्ह तरी काय सांगते? ‘या सालानंतरचे’ एवढेच. बेकरच्या बऱ्याच घड्याळांवर फ्रेंच भाषेत सुवर्णपदकाचा उल्लेख असतो. ते पदक त्याला १८५२ मध्ये ब्रेस्लाउच्या प्रदर्शनात मिळाले होते आणि त्याचा छाप तो नंतर कित्येक वर्षे घड्याळांवर मारत राहिला. पदकाचे साल घड्याळाचे साल मानणे म्हणजे दुकानाच्या पाटीवरची ‘स्थापना’ पाहून आतल्या साखरेचे वय सांगण्यासारखे आहे.

म्हणून मशीनची पाठ पाहायला हवी. ती पाहणे अवघड नाही, घाई मात्र नको. दार उघडून आधी लंबक उचलून काढून ठेवावा. तो आकड्यात नुसता अडकवलेला असतो. अशा बहुतेक घड्याळांत तबकडी मशीनला जोडलेली असते आणि मशीन पेटीच्या पाठफळीवरच्या लोखंडी कंसात सरकवून बसवलेले असते. खालच्या बाजूला बोटांनी फिरवता येणारे दोन स्क्रू असतात, ते सैल केले की तबकडीसकट सगळे मशीन पुढे ओढून बाहेर येते. ते पालथे धरले की समोर येते ती मागची पितळी प्लेट. इथेच थांबायचे. दोन प्लेटा जोडणारे स्क्रू वा खिळे काढायला जाऊ नये, कारण आतली स्प्रिंग पूर्ण चावी दिलेली असेल तर प्लेट सुटताक्षणी चाकांचे दात मोडतात आणि बोटेही. ते काम घड्याळजींचे. आपल्याला फक्त वाचायचे आहे, आणि त्यासाठी मऊ फडके आणि तिरपा धरलेला विजेरीचा उजेड पुरतो. समोरून प्रकाश टाकला की ठोकलेली अक्षरे पितळेच्या चकाकीत हरवतात. कडेने टाकला की प्रत्येक अक्षराला सावली पडते आणि ती उठून दिसतात.

काय दिसू शकते? चिन्ह. अनुक्रमांक. काही मोजके आकडे. आणि युंगहान्सच्या बाबतीत नशीब असेल तर थेट जन्मतारीख. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत युंगहान्सच्या पुष्कळ मशीनांवर ए किंवा बी हे अक्षर आणि त्याच्या शेजारी दोन आकडे ठोकलेले असतात. ए म्हणजे वर्षाचा पूर्वार्ध, बी म्हणजे उत्तरार्ध, आकडे म्हणजे साल. ‘बी ११’ दिसले तर ते मशीन १९११ च्या जुलै ते डिसेंबर या काळातले. घड्याळाच्या कुठल्याही भागावर इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो आणि तरी तो पाहिलाच जात नाही, कारण तो भिंतीकडे तोंड करून असतो.

आकड्यांच्या बाबतीत उलटी फसगतही होते. जर्मन मशीनांवर ३२, ३६, ४२ असे दोन अंकी आकडे वारंवार असतात, काही वेळा आधी पी हे अक्षर असते, काही वेळा शेजारी १०० किंवा ११६ असा आणखी एक आकडा असतो. ‘४२’ म्हणजे १९४२ किंवा १८४२ असा अर्थ लावणारे कमी नाहीत. तो आकडा लंबकाची लांबी सांगतो, सेंटिमीटरमध्ये. आणि दुसरा आकडा मिनिटाला किती टिकटिक व्हायला हव्यात ते सांगतो. हे कोणालाही घरी तपासून पाहता येते. घड्याळ चालू करून एक मिनिट टिकटिक मोजाव्यात. शंभराच्या आसपास भरल्या आणि प्लेटवर १०० असेल, तर तो आकडा सालाचा नाही हे सिद्ध झाले. मिनिटाला शंभर टिकटिकींसाठी लंबकाची परिणामी लांबी सुमारे ३६ सेंटिमीटर लागते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. गोलकाचा खालचा भाग आणि वरचा अडकवण्याचा आकडा धरून प्रत्यक्ष लंबक त्याहून थोडा लांब असतो. या आकड्यांचा खरा उपयोग वेगळाच आहे. घड्याळ रोज दहा मिनिटे पुढे पळत असेल आणि काही केल्या जमत नसेल, तर लंबक मूळचा नाही हे या आकड्यावरून ओळखता येते. असाच घोटाळा लंबकाच्या गोलकावरच्या आर आणि ए या अक्षरांबद्दल होतो. ती अक्षरे कारखान्याची नाहीत. फ्रेंच भाषेत ‘मागे’ आणि ‘पुढे’ यांची ती आद्याक्षरे आहेत, खालची चकती कुठे फिरवायची हे सांगणारी. ‘आर ए कंपनीचे घड्याळ’ म्हणून विकले जाते ते घड्याळ कोणत्याही कारखान्याचे असू शकते.

कायद्यांमुळे वापरात आलेली अक्षरे सर्वात भरवशाची असतात, कारण कायद्याला तारीख असते. जर्मनीत १८७७ पासून संपूर्ण साम्राज्यासाठी एक पेटंट कायदा आला, त्यामुळे डी. आर. पी. ही अक्षरे त्याच्या नंतरची. छोट्या सुधारणांना संरक्षण देणारा वेगळा कायदा १८९१ मध्ये झाला आणि त्यातून डी. आर. जी. एम. ही अक्षरे आली. आपल्याकडच्या घड्याळांवर, विशेषतः घंटेच्या बैठकीवर आणि लंबकावर ती नेहमी आढळतात. ब्रिटनने १८८७ मध्ये व्यापारी चिन्हांचा कायदा केला. इंग्रजी नावाखाली परदेशी, त्यातही जर्मन, माल खपवला जातो या तक्रारीतून तो आला होता आणि त्याने मूळ देशाचे नाव लिहिणे भाग पाडले. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द तिथून जगभर पसरले. हिंदुस्थानात त्याच धर्तीचा कायदा १८८९ मध्ये झाला. अमेरिकेनेही १८९० च्या जकात कायद्यात मूळ देशाची सक्ती केली. तेव्हा तबकडीवर किंवा प्लेटवर इंग्रजीत ‘मेड इन जर्मनी’ असेल तर घड्याळ १८८७ च्या आधीचे मानायला कारण उरत नाही, आणि ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर ते १९४९ नंतरचे.

इथे कोणी म्हणेल, आमच्या घड्याळावर असे काहीच लिहिलेले नाही, म्हणजे ते १८८७ च्या आधीचेच. हा तर्क टिकत नाही. जर्मनीतच विकायला केलेल्या घड्याळांवर इंग्रजी शब्द लिहायची कोणाला गरज नव्हती, आणि ती घड्याळे नंतर कितीतरी वाटांनी जगभर फिरली आहेत. शिवाय देशाचे नाव अनेकदा तबकडीच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत असे आणि तबकडी पुसता पुसता किंवा बदलताना ते गेले. खूण असणे हा पुरावा आहे. खूण नसणे हा फार तर संशय. हा फरक सोडला की वय पुन्हा मागे सरकायला लागते, आणि नेहमी मागेच सरकते. एखाद्याने खुणेच्या अभावावरून घड्याळ तरुण ठरवल्याचे उदाहरण कधी ऐकिवात येत नाही. ज्या चुका सगळ्या एकाच दिशेने होतात, त्यांच्यामागे इच्छा असते असे मानायला हरकत नाही.

पेटीचा घाट हा लोकांचा आवडता पुरावा, आणि त्याला अगदीच किंमत नाही असे मी म्हणणार नाही. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य एक झाल्यावर जुन्या जर्मन वैभवाची आठवण करून देणारी शैली फॅशनमध्ये आली. दोन्ही बाजूंना कातीव खांब, खाली लोंबते लाकडी गोंडे, माथ्यावर कोरीव कमान आणि तिच्यावर गरुड किंवा उधळलेला घोडा. आपल्याकडे ‘घोड्याचे घड्याळ’ म्हणतात ते याच शैलीचे. १९०० च्या आसपास वळणदार वेलींची युगेंडस्टील शैली आली. त्यानंतर पेट्या सरळ, चौकोनी, बुटक्या होत गेल्या आणि दारात कडा घासलेल्या काचांचे तुकडे पितळी पट्ट्यांनी जोडलेले दिसू लागले. घंटेतही असाच बदल झाला. आधी गुंडाळलेल्या तारेची घंटा असे, तिचा नाद खोल आणि लांबणारा. विसाव्या शतकात सरळ दांड्यांच्या घंटा आल्या, त्यांचा आवाज अधिक स्वच्छ; आणि पाव-पाव तासाला वेस्टमिन्स्टरची धून वाजवणारी घड्याळे १९२० आणि १९३० च्या दशकांत लोकप्रिय झाली. या सगळ्याचा उपयोग आहे, पण फक्त पहिला अंदाज बांधायला. कारखाने गिऱ्हाईक मागेल तोवर जुना घाट काढत राहात. घोड्याची पेटी १८८५ ची असू शकते आणि १९१२ चीही. टोल्यांच्या यंत्रणेचेही तेच. काटे हाताने पुढे नेले की टोले चुकतात आणि मग मोजून जुळवावे लागतात, अशी जुनी रचना. आपोआप जुळतात ती नवी. पण दोन्ही रचना अनेक दशके शेजारी शेजारी बनत होत्या, त्यामुळे एवढ्यावरून काळ सांगणे धाडसाचे.

लाकूड मात्र बरेच काही सांगते, आणि आपल्या प्रदेशात तर विशेष. जर्मन पेट्या बहुधा हलक्या देवदार जातीच्या लाकडावर अक्रोडाचा पातळ थर चढवलेल्या असत. पुढे ओकचा वापर वाढला. पेटी सागवानी असेल तर ती जर्मनीहून आलेली नाही, इथल्याच सुताराने केलेली आहे, हे जवळजवळ नक्की समजावे. कोकणाच्या दमट हवेत सरसाने चिकटवलेला थर सुटतो, वाळवी लागते, पेटी मोडते. मशीन मात्र चालू राहते, म्हणून त्याला नवी पेटी मिळते. यात फसवणूक असतेच असे नाही. चोर बाजारात किंवा इतरत्र अलीकडे जुन्या मशीनला जुन्या वळणाची नवी पेटी करून विकणे हा वेगळा प्रकार, आणि तो ओळखण्याची जागा म्हणजे पाठफळी. मूळ जोडीत फळीवरची भोके आणि कंसाचे स्क्रू एकमेकांना जुळतात, बुजवलेली अनाथ भोके नसतात. घंटेची बैठक जिथे आहे तिथले लाकूड तिच्याखाली फिके राहिलेले असते आणि भोवती काळवंडलेले. लंबकाच्या गोलकाच्या मागे फळीवर वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी एखादी पुसट कमान उमटलेली असली तर ती गोलकाच्या आजच्या जागेशी जुळायला हवी. चार टोकांच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचे. ते दिसले तर तेवढा भाग तरी नंतर बसवलेला आहे.

आता सर्वात वजनदार आक्षेप. सर्वात उशिराच्या खुणेला मान द्यायचा म्हटले तर १९७० साली बसवलेल्या नव्या काचेमुळे घड्याळ १९७० चे ठरेल का? अर्थातच नाही, आणि म्हणूनच सुरुवातीला ‘अस्सल’ हा शब्द घातला आहे. दुरुस्तीत बदललेला भाग हिशेबातून वगळायचा. पण तो बदललेला आहे हे दाखवावे लागते, गृहीत धरता येत नाही. काच, दोरी, काटे, लंबक, तबकडी, चाव्या या सहज बदलल्या जाणाऱ्या गोष्टी. त्यांच्यावरून वय वाढवू नये आणि घटवूही नये. मागच्या प्लेटवर ठोकलेला छाप मात्र बदलता येत नाही, कारण प्लेट हेच मशीन. म्हणून प्लेट आणि पेटी यांत मतभेद झाला तर मशीनचे साल एक आणि पेटीचे दुसरे, अशी दोन वेगळी साले द्यावीत. दोन्ही मिळून एक सोयीचे साल काढण्याचा मोह टाळावा.

अनुक्रमांकांच्या तक्त्यांवर पूर्ण भरवसा ठेवणाऱ्यांनाही थोडे थांबवावे लागेल. बेकरचा क्रमांक ७,५०,००० असला तर तो १८८५ आणि १८९२ च्या मध्ये कुठेतरी आहे हे नक्की. ‘१८८९’ हे त्या दोन टप्प्यांमधले अनुमान आहे, कारखान्याच्या वहीतली नोंद नव्हे. बेकरची बोहेमियात ब्राउनाऊ इथे, आजच्या चेक प्रजासत्ताकात, एक शाखा होती आणि तिथल्या घड्याळांचे क्रमांक वेगळे चालत. ब्राउनाऊच्या घड्याळाला फ्रायबुर्गचा तक्ता लावला की छोटा क्रमांक पाहून ते पंचवीस-तीस वर्षांनी म्हातारे ठरते. नंतरच्या काळात तर कारखानेच एकमेकांत मिसळले. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेकर युंगहान्सच्या छत्राखाली गेला, लेन्त्सकिर्शही गेला, १९३० मध्ये हांबुर्ग-अमेरिकन पूर्णपणे विलीन झाला. जुने नाव आणि नवे मशीन एकाच घड्याळात दिसले तर त्याचे कारण तिथे शोधावे.

राहिली कुटुंबाची आठवण. पणजोबांनी आणलेले घड्याळ आहे, हे सांगणाऱ्याला खोटे ठरवण्याची गरज नाही. ती आठवण घड्याळ घरात कधी आले ते सांगते. ते कधी बनले ते नाही. पणजोबांनी ते जुने म्हणून लिलावातही घेतले असेल. तरी या आठवणीचा एक फार मोलाचा उपयोग आहे. आतापर्यंतचे बहुतेक पुरावे ‘या सालानंतरचे’ एवढेच सांगत होते. दुसरी मर्यादा, ‘या सालाच्या आधीचे’, ती घराकडूनच मिळते. लग्नाच्या जुन्या छायाचित्रात मागच्या भिंतीवर घड्याळ दिसत असेल, खरेदीची पावती एखाद्या चोपडीत असेल, तर वरची मर्यादा पक्की झाली. घड्याळजींनीही ती नकळत लिहून ठेवलेली असते. दुरुस्तीनंतर प्लेटच्या कोपऱ्यात टोकदार सुईने सही आणि तारीख ओरखडण्याची रीत जगभर होती. तिरप्या उजेडात ‘१२-३-२६’ असे काही दिसले तर घड्याळ १९२६ पूर्वीचे आणि तोवर साफसफाईला येण्याइतके वापरलेले. इतिहासही एक फट दाखवतो. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश हिंदुस्थानचा जर्मनीशी व्यापार बंद झाला. तेव्हा मुंबईच्या दुकानदाराचे नाव असलेले, ‘मेड इन जर्मनी’ आणि डी. आर. जी. एम. हे दोन्ही छाप असलेले घड्याळ एक तर १८९१ ते १९१४ या तेवीस वर्षांतले किंवा युद्धानंतर आयात पुन्हा सुरू झाल्यावरचे. मधली वर्षे वगळता येतात.

एवढा खटाटोप कशासाठी, १८८० काय आणि १९११ काय, असे वाटणारे असतील. पैशाचा भाग उघड आहे. वीस वर्षांच्या खोट्या वयासाठी दुप्पट किंमत मोजणारे भेटतात. मला त्याहून जास्त काळजी दुरुस्तीची वाटते. १९११ चे मशीन १८८० चे समजले गेले की कोणीतरी त्याच्या मूळ दांड्यांच्या घंटेला ‘नंतर बसवलेली’ ठरवून ती काढतो आणि तारेची घंटा लावतो, सरळ अंकांची तबकडी काढून रोमन अंकांची चढवतो. चुकीच्या सालापायी अस्सल घड्याळ मोडते, आणि ते नुकसान पुन्हा भरून येत नाही. शिवाय १९११ चे घड्याळ कमी प्रतीचे असते हे कोणी ठरवले? एका डोंगरी खेड्यात बनलेले यंत्र समुद्रापलीकडच्या मध्यमवर्गीय घराला परवडू लागले ते याच वर्षांत, आणि ते ज्या अचूकतेने बनले तिच्या जोरावर ते आजही आठवड्याला एकदा चावी दिली की चालते.

म्हणून पेटीच्या आत एक चिठ्ठी ठेवावी, आणि तिच्यावर जे दिसले तेवढेच लिहावे. उदाहरणार्थ: युंगहान्स, श्राम्बेर्ग, मागच्या प्लेटवर तारा आणि बी ११, मशीन १९११ चा उत्तरार्ध, पेटी सागवानी, स्थानिक, काळ अनिश्चित, लंबक बदललेला. मशीनवर काहीच नसेल, कारण बऱ्याच कारखान्यांनी बिनछापाची मशीनेही काढली आहेत, तर नाव शोधून चिकटवू नये. प्लेटचा आकार, खांबांची घडण, हातोडीचा घाट यांवरून जाणकार पुढे कधी कारखाना ओळखतीलही. तोवर ‘जर्मन, साधारण १८९० ते १९१४, निर्माता अज्ञात’ एवढे लिहून ठेवले तरी चिठ्ठीवरचे प्रत्येक अक्षर पुढच्या माणसाला पडताळून पाहता येते.